दुसऱ्याने भरावयाचा पेला

तांदूळ आंबवून केलेल्या जपानी मद्यास साके म्हणतात. ते ज्या सुरईतून वाढतात तिला तोक्कुरी, आणि ज्या इवल्या पेल्यांतून घेतात त्यांना चोको असे नाव आहे. सुरईत बहुधा एक किंवा दोन ‘गो’ मद्य मावते. एक गो म्हणजे सुमारे १८० मिलिलिटर. पेला मात्र दोन-तीन घोटांचा! इतक्या लहान पेल्याने काय साधते, असे वाचकांच्या मनात येईल. तिकडची रीत अशी की, स्वतःचा पेला स्वतः भरू नये. तो शेजाऱ्याने भरावा आणि आपण शेजाऱ्याचा. पेला लहान, म्हणून ही देवघेव वारंवार घडते. असे पेले जमविणाऱ्याने मातीइतकेच या देवघेवीकडेही लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

माती पाहण्यासारखी असते, यात शंका नाही. ओकायामा प्रांतातील बिझेनच्या पेल्यांना झिलई देत नाहीत. लाकडाच्या भट्टीत ते कित्येक दिवस भाजत असता राख उडून अंगावर बसते व तिचेच रंग उमटतात. नामांकित कुंभाराची मोठी फुलदाणी घेणे सामान्यास परवडत नाही. त्याच्याच हातचा ‘गुइनोमी’, म्हणजे थोडा मोठा पेला, त्या मानाने स्वस्त पडतो. तो लाकडी पेटीत येतो. पेटीवर कुंभार स्वहस्ते नाव लिहून शिक्का उमटवितो. ही पेटी हरवली की पेल्याचे मोल उतरते.

परंतु भेटीदाखल दिलेल्या पेल्यांची गोडी निराळीच. १९६३ साली जपान सरकारने शंभरी गाठलेल्यांना रुप्याचे पेले देण्यास आरंभ केला, तेव्हा देशात असे १५३ जण होते. पुढे शतायुषी इतके वाढले की, २०१६ पासून रुप्याचा केवळ मुलामा दिलेले पेले देण्यात येऊ लागले.

मनाला अधिक चटका लावतात ते सैनिकांचे पेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४५ पर्यंत, सैन्यातील मुदत संपवून घरी आलेला तरुण आप्तेष्टांना व शेजाऱ्यापाजाऱ्यांना आभारादाखल पेले वाटीत असे. आत तारा, ध्वज किंवा चेरीची फुले; सोबत पलटणीचे नाव, सेवामुक्तीची आठवण अशा अर्थाची अक्षरे आणि पुष्कळदा त्याचे स्वतःचे नाव. आज हे पेले जुन्या वस्तूंच्या बाजारात सुटे सुटे विकले जातात. कित्येकांना त्यांत युद्धाचा दिमाख तेवढा दिसतो. चित्रे तशी आहेतच. पण कोणा आईचा मुलगा घरी परतला होता, हेही त्याच पेल्यावर लिहिलेले असते.

ही सोनेरी अक्षरे बहुधा झिलईच्या वर काढलेली असतात, त्यामुळे घासताच जातात. असा पेला राखेने अगर काथ्याने मुळीच घासू नये. कोमट पाण्यात धुऊन मऊ फडक्याने टिपावा, आणि नाव वाचता येत आहे तोवरच ते कागदावर उतरवून पेल्यातच ठेवावे.