आवाज दाराशी वळतो

आमच्या शाळेत तिसरी आणि चौथी एकाच गुरुजींकडे आहे. शुद्धलेखन घालताना गुरुजी तिसरीच्या खोलीत उभे राहतात. मध्ये भिंत आहे, भिंतीला एक दार आहे. आम्ही भिंतीकडेला बसणाऱ्यांना गुरुजी दिसत नाहीत, पण ऐकू येतात. मागे मी ‘रात्री साप आला’ याऐवजी ‘रात्री ताप आला’ असे लिहिले. सगळे हसले. तेव्हा मी विचारले, गुरुजी दिसत नाहीत तर आवाज कसा येतो? आणि येतो तर नीट का येत नाही?

गुरुजींनी प्रयोग करायला लावला. परातीत पाणी घ्या. मध्ये दोन विटा उभ्या ठेवून थोडी फट सोडा. एका बाजूने पट्टीने पाणी हलवा. लाट फटीतून गेली की पलीकडे अर्ध्या गोलासारखी पसरते. विटांच्या मागेसुद्धा जाते! फट मोठी केली की लाट बरीचशी सरळच जाते. या पसरण्याला विवर्तन म्हणतात.

आवाजाच्यापण हवेत लाटा असतात. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला १०० कंप असलेल्या जाड आवाजाची एक लाट सुमारे ३४० सेंटिमीटर लांब असते. आमचे दार मोजले, ९० सेंटिमीटर भरले. लाट दारापेक्षा मोठी, म्हणून ती दारातून निघून चोहीकडे पसरते. पण ‘स’ म्हणताना जी सळसळ होते, तिचे कंप सेकंदाला ५००० च्या वर जातात. तिची लाट ७ सेंटिमीटरपेक्षाही लहान. तिला दार फार मोठे, म्हणून ती जास्त करून सरळ जाते, कोपऱ्याकडे कमी वळते. उजेडाच्या लाटा तर एका मिलिमीटरमध्ये सुमारे २००० मावतात. त्या दाराशी वळलेल्या दिसतच नाहीत. म्हणून गुरुजी दिसत नाहीत.

थोडा आवाज भिंतींवर आपटूनही येतो. त्याला परावर्तन म्हणतात.

आता गुरुजी दारात उभे राहून शुद्धलेखन घालतात. परवा माझ्या तीनच चुका आल्या. त्या मात्र माझ्याच होत्या.

पालकांना एक विनंती. तुम्ही आतल्या खोलीतून हाक मारता, ती आम्हाला ऐकू येते, पण दुकानातून काय आणायचे ते कळत नाही. जरा दारात येऊन सांगत जा.

— इयत्ता ४ थी