कोंबडीचे खाद्य आणि माणसाचे औषध

इतर औषधे हरली म्हणजे डॉक्टर अत्यवस्थ रुग्णास कोलिस्टिन हे प्रतिजैविक देतात. आणि आपल्या देशात तेच निरोगी कोंबड्यांच्या खाद्यात, केवळ वजन वाढावे म्हणून, मिसळले जात असे. हा कोण उफराटा न्याय! अल्प मात्रेने दुर्बळ जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात व वाढतात. एक जंतू ही प्रतिकारशक्ती दुसऱ्यास देऊ शकतो, हे २०१५ साली चीनमध्ये उघडकीस आले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांकरिता कोलिस्टिनची निर्मिती व विक्री बंद केली. हा निर्बंध आपल्या बाजारहत्नूरासही लागू आहे. मांस नीट शिजविल्याने जंतू मरतात खरे; परंतु विद्यार्थी मित्रहो, कच्चे मांस चिरलेल्या विळीवर, ती न धुता, कांदा चिरल्यास ते तसेच ताटात येतात.