घरातील धान्याची बेगमी आणि मुलांचे आरोग्य

'बेगमी' हा मराठी संसारातील एक भारदस्त शब्द आहे. चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी घरात आणाव्यात, कडक उन्हे द्यावीत, निवडून-पाखडून कोठीत भराव्यात; त्याच दिवसांत पापड, कुरडया, सांडगे, लोणची, मुरांबे करून ठेवावेत आणि मृगाचा पाऊस सुरू होताना गृहिणीने निश्चिंत व्हावे, अशी ही रीत. आपल्या पूर्वजांनी ती बडोद्यास येताना बरोबर आणली आणि गव्हाला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून ठेवण्याची गुजरातची पद्धत तिच्यात सहज मिसळून गेली.

या रीतीमागे टंचाईची आठवण होती. विक्रम संवत 1956 मधील, म्हणजे इसवी सन 1899-1900 चा 'छप्पनिया' दुष्काळ गुजरातच्या लोकस्मृतीत आजही आहे. महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळाचे स्थान तसेच आहे. पुढे सुबत्ता आली, कोपऱ्याकोपऱ्यावर दुकाने झाली आणि कोठ्या अडगळीत गेल्या. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा मात्र घरात महिन्याचा शिधा असणे म्हणजे काय, हे नव्या पिढीला प्रथमच उमगले. 2019 आणि 2024 मध्ये विश्वामित्रीच्या पुराने आपल्या शहरातील कित्येक वस्त्यांना हाच धडा दिला. बेगमीची सवय त्यामुळे पुन्हा घराघरांत येऊ लागली आहे आणि हे स्वागतार्हच आहे.

परंतु सवय परतली तरी तिच्यामागचे शास्त्र परतले आहे काय, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला महत्त्वाचा वाटतो. पूर्वी गच्ची होती, अंगण होते, दुपारभर धान्य राखणारी माणसे होती. आज दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत ऊन येत नाही आणि धान्य वाळवायला कोणाला सवड नाही. ऊन देण्याची जागा मग एखादी गोळी अथवा भुकटी घेते. धान्य टिकते, किडेही होत नाहीत. पण त्याची किंमत घरातील सर्वांत लहान जीवाला मोजावी लागू शकते.

धान्य टिकते कशामुळे?

अन्न बिघडते ते मुख्यतः ओलाव्याने. जिवाणू, बुरशी आणि किडे यांना जगण्यासाठी पाणी हवे. ते त्यांना मिळू दिले नाही की अन्न टिकते. आपल्या सर्व पारंपरिक कृती याच एका सूत्रावर उभ्या आहेत. उन्हाने सांडग्यातील पाणी निघून जाते. लोणच्यातील मीठ आणि मुरांब्यातील साखर पाणी धरून ठेवते व ते जंतूंना वापरता येत नाही. लोणच्यात आंबटपणा दुसरा पहारेकरी असतो आणि वरचा तेलाचा थर हवा अडवतो. मीठ कमी करून, आंबटपणाशिवाय, केवळ तेलात बुडवून ठेवलेला लसूण म्हणूनच धोकादायक ठरतो. हवा नसलेल्या आणि आम्लता कमी असलेल्या अशा जागी बोट्युलिझमच्या जिवाणूला वाढण्यास वाव मिळतो.

गहू-तांदळात ओलाव्याचे प्रमाण 12 टक्क्यांच्या आत आणि भुईमुगाच्या शेंगांत 8 टक्क्यांच्या आसपास असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. घरी ओलावा मोजण्याचे यंत्र नसते. पण दाणा दाताखाली धरताच 'कट्' असा आवाज होऊन फुटला तर तो वाळलेला समजावा, दबला तर त्याला आणखी उन्हाची गरज आहे. ऊन दिलेले धान्य पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावे. गरम भरल्यास झाकणाच्या आत दव धरते आणि सारे श्रम वाया जातात.

महाराष्ट्रातील पेवांचे शास्त्रही समजून घेण्याजोगे आहे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्धच आहेत. जमिनीत खोल खणलेल्या या खड्ड्याचे तोंड बंद केले की आतील धान्याच्या आणि किड्यांच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो, कर्बद्विप्राणिल वायू साठतो आणि किडे मरतात. पेव उघडल्यावर लगेच आत न उतरण्याचा आणि आधी कंदील सोडून पाहण्याचा दंडक याच कारणाने होता. कंदील विझला तर तेथे माणूसही जगणार नाही. आज बाजारात मिळणाऱ्या हवाबंद बहुस्तरीय धान्यपिशव्या याच तत्त्वावर चालतात आणि त्यांत कोणतेही औषध घालावे लागत नाही.

आपल्या शेजारचा धडा

ओलाव्याकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे उदाहरण आपल्यापासून फार दूर नाही. 1974 च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत काविळीची विचित्र साथ पसरली. कावीळ, पाठोपाठ पोटात पाणी आणि मग मृत्यू, असा तिचा क्रम होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात 397 रुग्णांची आणि 106 मृत्यूंची नोंद आहे. त्या घरांतील अन्न खाणारी कुत्रीही आजारी पडून मेली होती. कारण विषाणू नव्हता. अवकाळी पावसात भिजलेला आणि दमट जागी साठवलेला मका बुरशीने ग्रासला होता आणि त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष लोकांच्या रोजच्या भाकरीत उतरले होते.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की अफ्लाटॉक्सिन नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने नष्ट होत नाही. दुसरी ही की बुरशीचे दाणे निवडून टाकले आणि उरलेले धुऊन घेतले तरी संपूर्ण सुरक्षिततेची खात्री देता येत नाही. कुबट वासाचे शेंगदाणे, काळपट-हिरवट मका, बुरशी धरलेले खोबरे चटणीत 'खपवण्याची' काटकसर घरात मुले असताना तरी करू नये. मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक अन्न खाते. साहजिकच अन्नातील विषाची मात्राही त्याला अधिक पोहोचते.

कोठीतील जीवघेणी गोळी

आता सर्वांत गंभीर विषयाकडे वळतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गोदामांत धान्यधुरी देण्यासाठी वापरतात. हवेतील दमटपणा लागताच त्यांतून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू निघू लागतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 1 ग्रॅम वायू सुटतो. प्रशिक्षित माणसांनी बंद गोदामात वापरावयाची ही वस्तू असून सर्वसामान्य ग्राहकाला ती विकण्यावर निर्बंध आहेत. तरीही कापडाच्या पुरचुंडीत बांधलेल्या या गोळ्या घरातील गव्हाच्या पिंपात टाकल्या जातात, आणि त्याच खोलीत अथवा शेजारच्या खोलीत मुले झोपतात. रात्री खिडक्या बंद असतात. अशा दुर्घटनांत मुलांचे बळी गेल्याची उदाहरणे देशाच्या अनेक भागांतून नोंदली गेली आहेत.

माझ्या सहव्यवसायी मित्रांना येथे एक विनंती आहे. एकाच घरातील दोन-तीन जणांना पहाटे एकाच वेळी उलट्या, पोटदुखी, डोकेदुखी, धाप अशी लक्षणे सुरू झाली की आपण स्वाभाविकपणे आदल्या रात्रीच्या जेवणाविषयी विचारतो. त्याच वेळी 'घरात धान्याला औषध घातले आहे काय?' हा प्रश्नही विचारावा. मुलाची नाडी क्षीण असेल, रक्तदाब खालावत असेल, श्वास खोल आणि जलद असेल आणि जुलाब मात्र फारसे नसतील, तर हा संशय अधिक बळकट होतो. या विषावर उतारा नाही. प्राणवायू, रक्ताभिसरण सावरणे, हृदयाच्या तालावर सतत लक्ष आणि अतिदक्षता विभागात त्वरित हलवणे, एवढेच आपल्या हाती असते. म्हणून प्रत्येक घटका मोलाची असते.

घरच्या मंडळींनी अशा वेळी प्रथम मुलांना मोकळ्या हवेत न्यावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनीच रुग्णालय गाठावे. गोळ्यांवर पाणी मुळीच ओतू नये. त्याने वायू अधिक वेगाने सुटतो आणि पेटही घेऊ शकतो.

बोरिक पावडर हा दुसरा प्रकार. तांदळाला, तूरडाळीला ती चोळण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि धुतल्यावर ती निघून जाते, असा समज आहे. लहान मुलाच्या पोटात 5-6 ग्रॅम, म्हणजे साधारण चमचाभर, बोरिक आम्ल गेले तरी प्राणावर बेतू शकते. तान्ह्या बाळाला याहून कमी मात्राही घातक ठरते. पांढऱ्या भुकटीचा तो डबा स्वयंपाकघरात पिठीसाखरेशेजारी असणे हीच मोठी जोखीम आहे. तिसरा प्रकार पारद टिकड्यांचा. पारा हवेत वाफरूपाने मिसळतो आणि वाढत्या मेंदूला अपाय करतो. या तिन्ही वस्तूंना घरात थारा देऊ नये.

भांडे बदलले आणि आजार गेला

साठवणीची पद्धत बदलल्याने मुलांचे प्राण वाचतात, याचा पुरावा मराठी मुलखातच आहे. एके काळी भारतीय बालकांतील यकृत-काठिण्य हा आजार अनेक घरांतील एक-दोन वर्षांची मुले हिरावून नेत असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह 1983 मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात याविषयी निरीक्षणे मांडली. कल्हई नसलेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधात तांबे उतरते आणि ते बाळाच्या यकृतात साठते, असा त्यांचा निष्कर्ष होता. घराघरांत स्टेनलेस स्टीलची भांडी आली, स्तनपानाचा प्रचार झाला आणि तो आजार आता क्वचितच दिसतो. हल्ली जुन्या पितळी भांड्यांची हौस पुन्हा वाढते आहे. ती दिवाणखान्यापुरती ठेवावी. बाळाचे दूध आणि आंबट पदार्थ कल्हईविना पितळेत ठेवू नयेत.

मग बेगमी कशी करावी?

वर्षाची साठवण करण्याची जागा आणि सोय नसेल तर तिचा अट्टाहास नको. चौघांच्या कुटुंबाला महिन्याला साधारण 30 किलो धान्य, 8 किलो डाळी-कडधान्ये आणि 3 लिटर तेल पुरते. असा एक महिन्याचा शिधा नेहमी जादा असावा. जुना आधी वापरावा, नवा मागे लावावा आणि डब्यावर खरेदीचा महिना लिहावा. पिठापेक्षा अख्खे धान्य साठवणे चांगले; बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडवट होते. डाळ, रवा बंद पिशवीत घालून 3-4 दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्यास किड्यांची अंडी मरतात. मात्र पिशवी बाहेर काढून पूर्ण नेहमीच्या तपमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर दव धरते. गव्हाला एरंडेल चोळण्याची रीत निर्धास्तपणे चालू ठेवावी. एरंडाच्या बीतील विष पेंडीत राहते, तेलात उतरत नाही.

पुराची शक्यता असलेल्या वस्त्यांत हा साठा उंचावर ठेवावा. शिवाय चार माणसांसाठी तीन दिवसांचे, निदान 36 लिटर, पिण्याचे पाणी झाकून ठेवावे. मुलांसाठी जलसंजीवनीची पाकिटे आणि भाजलेल्या धान्याची, न शिजवता खाता येणारी सातूच्या पिठासारखी तयारी असावी. सहा महिन्यांखालील बाळासाठी मात्र आईच्या दुधाखेरीज कशाचीच साठवण लागत नाही. संकटात मदत म्हणून आलेली दुधाची भुकटी गढूळ पाण्यात कालवून बाटलीने पाजणे हे जुलाबांना आमंत्रण असते; आईला पोटभर अन्न आणि धीर देणे हीच बाळाची खरी बेगमी होय. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, आणि लोणच्या-पापडाचे मीठही त्याच्यापासून दूर ठेवावे.

शेवटी एक सामाजिक भानही हवे. टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत काही घरांत सहा महिन्यांचे तेल-साखर भरले गेले आणि हातावर पोट असणाऱ्यांना दुकानातून रिकाम्या हाती परतावे लागले. सुकाळात, थोडे थोडे करून केलेली साठवण ही बेगमी; टंचाई सुरू झाल्यावर केलेली ती साठेबाजी. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा ज्या समाजाने शतकानुशतके जपली, त्याला हा फरक समजावून सांगण्याची गरज नसावी.

वाचकांनी हा अंक मिटल्यावर आपल्या घरातील पिंपे, डबे आणि फडताळे एकदा उघडून पाहावीत. पुरचुंडीतील गोळ्या, पांढरी भुकटी वा पारद टिकड्या आढळल्यास मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा बेताने, उघड्या हाताने न हाताळता त्या घराबाहेर मोकळ्या, कोरड्या जागी ठेवाव्यात. त्यांची योग्य विल्हेवाट कशी लावावी, हे कीडनियंत्रण करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस विचारावे. त्यानंतर येणाऱ्या उन्हाळ्यात धान्याला चार उन्हे अधिक द्यावीत.