लॅपटॉप उघडण्याआधी बॅटरीकडे बघा

मे महिन्यातली दुपार होती. माझ्या सहा वर्षं जुन्या लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घरघरत होता. तळ इतका तापायचा की मांडीवर ठेवणं अशक्य. त्यातच आठवडाभरापासून टचपॅड नीट दाबला जात नव्हता. मुलगा फोनवर म्हणाला, ‘‘बाबा, पंख्यात धूळ अडकली असेल. मागचं झाकण काढा आणि ब्रशनं साफ करा. सोपं आहे.’’

घरात छोट्या स्क्रू-ड्रायव्हरचा संच होता. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, टेबलावर कोरा कागद पसरला. स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं कागदावर मांडले. जुन्या एटीएम कार्डाची कड फटीत घालून झाकण सैल केलं. इथवर सगळं छान चाललं होतं.

झाकण निघालं आणि आत बॅटरीच्या तीन चपट्या पिशव्या दिसल्या. दोन सपाट होत्या, तिसरी मात्र पुरीसारखी टम्म फुगलेली. टचपॅड का दाबला जात नव्हता, ते आता कळलं. खालून बॅटरीच त्याला वर ढकलत होती. ती डिंकासारख्या पट्टीनं चिकटवलेली होती. मनात आलं, खाली स्क्रू-ड्रायव्हर सारून उचकटावी. हातात तो घेतलाही होता. त्याआधी आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलाला फोटो पाठवला, एवढंच शहाणपण झालं. मिनिटभरात त्याचा फोन आला, ‘‘काका, हातातलं आधी खाली ठेवा. चार्जर लावलेला नाही ना? मग झाकण वरून नुसतं ठेवा आणि तसाच घेऊन या. पिशवीत दाबून धरू नका.’’

त्याच्या आवाजातल्या घाईचं कारण मला नंतर समजलं.

लॅपटॉप आणि मोबाइलमधल्या लिथियम-आयन बॅटऱ्या 1991 पासून बाजारात आहेत. त्यांच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रत्येक पिशवीत धन आणि ऋण बाजूचे पातळ थर एकमेकांवर असतात आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. त्याची जाडी साधारण 20 मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. हे सगळं एका ज्वालाग्राही द्रवात भिजलेलं असतं. बॅटरी जुनी झाली, सतत तापली किंवा कायम पूर्ण चार्ज राहिली, की हा द्रव हळूहळू विघटित होतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन असे वायू तयार होतात. पिशवी हवाबंद असल्यानं ती फुगते.

फुगलेली बॅटरी लगेच पेटेलच असं नाही. पण तिला धातूचं टोक लागलं, ती वाकली किंवा दाबली गेली, तर आतला पडदा फाटू शकतो. मग दोन्ही थर एकमेकांना भिडतात, शॉर्टसर्किट होतं आणि उष्णता निर्माण होते. साधारण 130 अंश सेल्सिअसला पॉलिथिलीनचा पडदा वितळू लागतो. शॉर्टसर्किट आणखी पसरतं, उष्णता वाढते, त्या उष्णतेनं आतल्या रासायनिक क्रिया आणखी वेग घेतात. हे चक्र काही सेकंदांतही पेट घेऊ शकतं. तापलेल्या धन थरातून ऑक्सिजनही सुटतो, म्हणून नुसती चादर टाकून अशी आग विझवता येत नाही.

धूर हा दुसरा धोका. बॅटरीतल्या क्षारात फ्लोरिन असतं. त्याचा ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. डोळे, त्वचा आणि फुप्फुसं या तिन्हींना तो इजा करतो. म्हणूनच ‘सुईनं टोचून हवा काढून टाका’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो. बॅटरीला गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येऊ लागला, तर ती गळते आहे असं समजावं. खिडक्या उघडून खोलीबाहेर पडावं. द्रव अंगाला लागला तर भरपूर वाहत्या पाण्यानं निदान 15 मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे जावं. धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर वस्तू वाचवत न बसता सर्वांना बाहेर काढावं आणि 101 किंवा 112 वर फोन करावा.

मग घरी लॅपटॉप उघडूच नये का? तसं मुळीच नाही. बॅटरी सपाट असेल तर पंख्याची धूळ काढणं किंवा रॅम बदलणं नवख्यालाही जमतं. झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. वायर ओढू नये, प्लॅस्टिकचं टोक धरून ती अलगद काढावी. अंगावरची स्थिर वीज सुटे भाग बिघडवू शकते. आपल्याला चटका जाणवण्यासाठी साधारण 3000 व्होल्ट लागतात, चिपचं नुकसान मात्र त्याहून बऱ्याच कमी व्होल्टला होतं. म्हणून गालिच्यावर बसू नये, सिंथेटिक कपडे टाळावेत. पंखा साफ करताना पाती बोटानं धरून ठेवावीत. लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल करू नये. चुकीच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो आतल्या भागात घुसतो.

दुकानातल्या मुलानं प्लॅस्टिकच्या पट्टीनं दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडवत ती बॅटरी काढली आणि वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. अशी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नसते. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर सफाई कामगारांच्या जिवाशी खेळ होतो. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी द्यायची असते. ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

नवी बॅटरी बसल्यावर पंखा मी त्याच्याच टेबलावर बसून साफ केला. चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर धूळ निघाली. आता लॅपटॉप गादीवर ठेवत नाही आणि चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये सापडली, ती चालू केली आहे.

तुम्हीही आज एवढं करा. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतो का, झाकण नीट मिटतं का, टचपॅड किंवा कीबोर्ड वर आलाय का, ते बघा. यातलं एक जरी दिसलं, तरी चार्जर काढा आणि स्क्रू-ड्रायव्हरला हात न लावता जाणकाराकडे जा.