झऱ्याचें पाणी

मंगळवार पेठेंतून सुट्टीच्या दिवशीं आपण पन्हाळ्यास निघतों. सुमारे २० किलोमीटरांची वाट. चढण संपतां संपतां मुलांना तहान लागतेच. मग कोठें खडकांतून झिरपणारें पाणी दिसलें, कीं ओंजळ पुढें होते. गडावरील नागझरी तर अनेकांच्या ओळखीची आहे.

हें पाणी येतें कोठून? पन्हाळ्याच्या माथ्यावर सच्छिद्र जांभा दगड आहे व त्याखालीं काळा कातळ. पावसाळ्यांत जांभ्यांतून पाणी मुरतें. परंतु खालच्या चिकण थराशीं व कातळाशीं त्याची वाट अडते. तेव्हां तें आडवें सरकतें आणि डोंगराची कड लागतांच झरा होऊन बाहेर पडतें. जांभ्यांत सांठलेलें पाणी सावकाश सुटतें, म्हणून पाऊस सरल्यावरही झरा वाहतो.

मात्र थंड, नितळ व गोड तें निर्दोषच, असें मानूं नये. १८५४ सालीं लंडन शहरांत ब्रॉड स्ट्रीटवरील ज्या पंपामुळें पटकी पसरली, त्याचें पाणी रुचकर म्हणून दूर राहणारी एक बाई मुद्दाम मागवीत असे. तीही त्या सांथींत दगावली. जांभ्याच्या भोंकांतून पाणी वेगानें उतरतें; तें नीट गाळलें जातेंच असें नाहीं. यास्तव मुलांना देण्यापूर्वीं तें खळखळून उकळावें.

आणि गडावर केर टाकतांना एवढें स्मरावें, कीं तेथें मुरणारें पाणी खालीं कोणीतरी पिणार आहे.