दोन पडदे, एक मान

आमची थोरली मुलगी घरी बसून डाटा एन्ट्रीचं काम करते. एका स्क्रीनवर मूळ कागद आणि दुसरीवर फॉर्म असला की काम लवकर उरकतं, म्हणून आम्ही एक जुना मॉनिटर विकत आणला. खोलीत जागा नव्हती, म्हणून तो डावीकडे पत्र्याच्या पेटीवर ठेवला. पंधरा दिवसांत तिची मान आखडली. बाम चोळला, शेक दिला. रात्री बरं वाटे, सकाळी कामाला बसलं की पुन्हा तेच. धाकट्याची फी याच कामातून जाते, म्हणून ती दुखणं अंगावर काढत राहिली. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर कोणत्या बाजूला बघतेस?" तेव्हा आमचं लक्ष त्या पेटीकडे गेलं.

आता आम्ही मांडणी बदलली आहे. ज्या स्क्रीनकडे जास्त वेळ बघायचं, ती अगदी समोर. दुसरी तिला चिकटून, थोडी आपल्याकडे वळवलेली. दोन्ही सारख्याच वापरायच्या असतील, तर दोन्हींच्या कडा जिथे जुळतात ती जागा नाकासमोर ठेवावी. अंतर साधारण हातभर. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. उंची कमी पडली तर जुनी जाड पुस्तकं किंवा फळी चालते. दोन भिंगांचा चष्मा असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्यावी, नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागतं.

मॉनिटर घेण्याआधी कॉम्प्युटरच्या मागे कोणती पिन बसते ते पाहावं: व्हीजीए की एचडीएमआय. जोडल्यावर कीबोर्डवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडावं. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये १ आणि २ हे चौकोन टेबलावर स्क्रीन आहेत त्याच क्रमाने सरकवावेत, म्हणजे माऊस उलट्या बाजूला पळत नाही. दोन्हींचा उजेड सारखा ठेवावा. खिडकी पाठीमागे किंवा तोंडासमोर नको, बाजूला असावी.

लॅपटॉप हीच एक स्क्रीन असेल, तर तो उंचावर ठेवून कीबोर्ड आणि माऊस वेगळे जोडावेत.

दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघावं. आमच्या खोलीत २० फूट नाहीत, म्हणून मुलगी दारात येऊन गल्लीच्या टोकाकडे बघते. तेवढंच उठणंही होतं. पापण्या मुद्दाम मिटाव्यात. स्क्रीनकडे बघताना त्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात.

वायरी पायात येऊ देऊ नयेत. सोललेली वायर आणि सैल बोर्ड आधी बदलावा.

हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील किंवा हातातली वस्तू सुटत असेल, तर बाम चोळत बसू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावं.

पेटी आता पुन्हा खाटेखाली गेली आहे. मुलीची मान उतरायला महिना लागला, पण काम सुटलं नाही.