सामोआचे ताट आणि बाजारभाव

‘ताजी मासळी, पालेभाजी, कंदमुळे घ्या; डबाबंद आणि चरबीयुक्त पदार्थ टाळा.’ मधुमेही ज्येष्ठांना हा सल्ला मी वर्षानुवर्षे देत आलो आहे. प्रशांत महासागरातील सामोआ या चिमुकल्या बेटराष्ट्राची हकीकत वाचली, तेव्हा त्यातील अपुरेपणा मला जाणवला.

वास्तविक सामोआला निसर्गाने भरभरून दिले आहे. भोवती समुद्र, परसात नारळ, नीरफणस आणि अळू. अळूचे भाजलेले वा उकडलेले कंद हे तेथील पिढीजात अन्न. कोवळी पाने नारळाच्या घट्ट दुधात शिजवून होणारी ‘पालुसामी’ आपल्या फतफत्याची दूरची बहीणच म्हणावी! १९९३ साली या अळूवर करपा पडला आणि पिकाची दाणादाण उडाली. रोगाला दाद न देणारे वाण पुढे आले, परंतु आयातीचा तांदूळ, मैदा आणि डबाबंद मांस ताटातून हटले नाही. कोळ्याने ताजा मासा रोख पैशासाठी विकावा आणि घरी डब्यातला मासा न्यावा, असेही या बेटांवर घडते. आज तेथील निम्म्याहून अधिक प्रौढ स्थूल आहेत. हे अज्ञानामुळे घडले, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

टर्की पक्ष्याच्या शेपटाकडील चरबीदार तुकड्याचेच पाहा. अमेरिकेत त्याला फारसे गिऱ्हाईक नाही, म्हणून तो जहाजाने इकडे येई आणि स्वस्तात विकला जाई. २००७ साली सामोआने त्याच्या आयातीवर बंदी घातली. २०१२ साली जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळवताना मात्र ती बंदी उठवण्याचे मान्य करावे लागले. तिच्या जागी दोन वर्षे ३०० टक्के आयातशुल्क लावण्याची मुभा तेवढी मिळाली. अपथ्य महाग करणे, हा उपाय वैद्य म्हणून मला पटतो. पण तेवढ्याने पथ्य स्वस्त होत नाही. पैशांअभावी आजी-आजोबांच्या ताटात ताजा मासा येत नाही, तो नाहीच.

तेव्हापासून पथ्य लिहून देण्यापूर्वी मी सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलाला विचारतो, ‘भाजी-मासळीला दिवसाकाठी किती पैसे निघतात?’ ताजी मासळी परवडत नसेल, तर खारवलेला बांगडा भरपूर पाण्यात भिजवून, ते पाणी दोनदा ओतून टाकून, लहानसा तुकडाच रक्तदाबाच्या रुग्णाला क्वचित द्यावा, असे सांगतो. एरवी मूग-मटकीची उसळ आहेच.